एका ओळीचे दाजी

आमच्या दाजींना फाईल उघडून प्रोग्राम लिहिणं म्हणजे कमीपणा वाटतो. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीचा हिशेब ते कॉम्प्युटरवर बघतात. "एका ओळीचं काम की रे, त्याला फाईल कशाला?" असं म्हणेपर्यंत त्यांचं बोट एंटरवर गेलेलं असतं.

त्यांचं लाडकं हत्यार ऑक, यादीतल्या ओळी आणि रकाने निवडून काढणारी भाषा. आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी 1977 साली बेल लॅब्जमध्ये केलेलं. नावही तिघांच्या आद्याक्षरांचं. दाजी त्या तिघांबद्दल बोलतात ते घरच्या सोयऱ्यांबद्दल बोलल्यासारखं.

परवा एका गिऱ्हाइकाच्या मालाचं वजन तेवढं काढायचं होतं. गिऱ्हाईक समोरच बसलेलं. आडनाव डिसोझा, इंग्रजीत लिहिताना डीनंतर अपॉस्ट्रॉफीवालं. दाजींनी सगळी ओळ एकेरी अवतरणात घातली आणि एंटर मारला. खाली एक बाण उमटला, पुढं काही नाही. "यादी मोठी आहे, वेळ लागतोय," म्हणत दाजींनी चहा सांगितला. चहा आला, संपला, कप उचलून गेले. अपॉस्ट्रॉफी आणि एकेरी अवतरण, चिन्ह एकच; आडनावातल्या अपॉस्ट्रॉफीनं अवतरण मध्येच मिटलं होतं आणि शेवटच्या चिन्हानं नवीन उघडलं होतं. दाजी कॉम्प्युटरची वाट बघत होते, कॉम्प्युटर दाजींची.

"दाजी, फाईल करा की."

"तू गप बस."

त्यांनी दुहेरी अवतरण लावलं. आता टाइप केलेली ओळ ऑकच्या आधी वाचतो तो शेल. एकेरी अवतरण म्हणजे सीलबंद ट्रक, शेल आत हात घालत नाही. दुहेरी दिसलं की तो कोगनोळी नाक्यावरच्या शिपायासारखा ताडपत्री वर करतो आणि डॉलरचं चिन्ह दिसलं की आधी स्वतः हिशेब लावतो. दाजींना डॉलर दोन म्हणजे दुसरा रकाना हवा होता. शेलपाशी त्या नावाचं काहीच नव्हतं, म्हणून त्यानं ते पुसून टाकलं. ऑकला नुसतं 'छाप' एवढंच ऐकू आलं. त्यानं अख्खी ओळ छापली: वजन, दर आणि बाकी राहिलेली उधारीसुद्धा. गिऱ्हाइकानं चष्मा पुसून उधारी परत वाचली.

शेवटी डॉलरच्या आधी एक उलटी तिरपी रेघ देऊन दाजींनी वजन काढलंच. तोवर वखारीचं शटर अर्धं खाली आलं होतं.

ती ओळ आता त्यांच्या वहीत आहे, तिरपी रेघ लाल पेनानं गिरवलेली. फाईल अजून केलेली नाही.