आता काय भुवयाही काढायच्या?

हद्द झाली म्हणजे झालीच! अहो, सिनेमा बघायचा तर नायकासाठी बघावा, नायिकेसाठी बघावा, गाण्यांसाठी बघावा. आणि आपल्याकडं? पांढराफटक, टकला, काळ्या दातांचा, भुवयासुद्धा नसलेला एक माथेफिरू पडद्यावर आला रे आला, की पोरं खुर्चीच्या टोकाला! शिट्ट्या कुणाला? त्याला. मोबाईलच्या वॉलपेपरवर कोण? तो. बीडचं नाव आधीच खलनायकीच्या बातम्यांत पुरेसं येतं, त्यात ही भर कशाला म्हणून आपण चार शहाणी माणसं कपाळाला हात लावून बसलो, तर बोटांच्या फटीतून आपलीही नजर पडद्यावरच!

प्रकरण 'ड्यून'चं आहे. फ्रँक हर्बर्ट नावाच्या अमेरिकन लेखकानं १९६५ साली एक जाडजूड विज्ञान कादंबरी लिहिली. डेनी विलनव्ह या दिग्दर्शकानं तिचे दोन सिनेमे केले, पहिला २०२१ ला आणि दुसरा २०२४ ला. हजारो वर्षं पुढचा काळ, अराकिस नावाचा वाळूचा ग्रह, थेंबभर पाण्याला मोताद झालेली माणसं. आता सांगा, वाळू आणि पाणीटंचाई पैसे देऊन बघायला बीड जिल्ह्यातल्या माणसानं कशाला जावं? उन्हाळ्यात गॅलरीत उभं राहिलं तरी टँकरसह फुकट दिसतं. तरी गेले! आमच्या बीड शहरात पहिली आगगाडी यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, म्हणजे २०२४ ला ही मंडळी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेली होती. कशाला? तर म्हणे आयमॅक्सवर बॅरन मोठा दिसतो. मोठा दिसतो! आधीच तो माणूस मावत नाही, त्यात आणखी मोठा!

हा बॅरन हार्कोनन म्हणजे घराण्याचा कर्ता. स्टेलन स्कार्सगार्ड या स्वीडिश नटाला त्या देहात घुसवायला सात-आठ तास मेकअप लागायचा म्हणतात. काम काय, तर काळ्या तेलकट हौदात डुंबायचं, कुजबुजत बोलायचं आणि हवेत तरंगायचं. होय, तरंगायचं! अंगावर यंत्रं लावलीत, जमिनीला पाय लागूच देत नाही. (अशी माणसं आपल्याकडं यंत्राशिवाय आहेत, पण ते असो.) रब्बान आणि फेड राउथा हे त्याचे दोन पुतणे. थोरला रब्बान नुसता आरडाओरडा करणारा, म्हणून कुणाच्या खिजगणतीत नाही. पोरं वेडी झालीत ती धाकट्यावर. ऑस्टिन बटलर, ज्यानं त्याआधी एल्व्हिस प्रेस्लीचं काम केलं होतं, तो देखणा गडी इथं टकला होऊन काकाच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करतो. आणि त्याच्या वाढदिवसाचा प्रसंग बघितलात ना? नाही म्हणू नका, बघितलात.

काय तो थाट! अवाढव्य आखाडा, लाखोंची गर्दी, वर काळा सूर्य. त्या सूर्याच्या उजेडात सगळे रंग उडून जातात म्हणून तो सगळा भाग इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं टिपलाय. माणसं अशी दिसतात जणू हाडांवर नुसती साय धरलीय. आभाळात शाईचे डाग फुटावेत तशी आतषबाजी. आणि वाढदिवसाची भेट म्हणून तीन कैदी, कापायला! दोघांना आधीच गुंगीचं औषध दिलेलं, तिसरा मात्र शुद्धीवर सोडलेला. आमच्याकडं तलवारीनं केक कापला तर पोलीस ठाण्यात जावं लागतं, आणि इथं? इथं सगळ्या चौकात फ्लेक्स लावायचेच काय ते बाकी राहिलेत! खालच्या कोपऱ्यात पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो, मधोमध हात जोडलेला फेड राउथा, आणि वर ठळक अक्षरांत 'भावी बॅरन'. तो प्रसंग बघताना आपल्यातल्या किती जणांना बरं वाटलं, हात वर करा. बघा! मागच्या रांगेतल्या गुरुजींचाही हात वर.

मग साथ पसरणार नाही तर काय? एका सलूनमधली गोष्ट ऐका. कॉलेजातलं पोरगं खुर्चीत बसलं आणि म्हणालं, "सगळं साफ करा. भुवया पण."

कारागिरानं वस्तरा खाली ठेवला. "कोन गेलं रे घरात?"

"कुनीच नाही. स्टाईल हाय ती."

"बाप जित्ता हाय ना तुझा? मग त्याला घेऊन ये, त्याच्यापुढं करतो."

पोरगं बापाला आणण्यापेक्षा दुसऱ्या दुकानात गेलं. संध्याकाळी गुळगुळीत होऊन घरी आलं, तर शेजारची काकू भांडी तशीच टाकून धावत आली, "अगं बाई, कधी झालं? सांगायचं तरी!" चार घरांतून चहाच्या किटल्या निघाल्या. सांत्वनाला आलेल्यांना 'हार्कोनन' म्हणजे काय हे समजावता समजावता आईचा घसा बसला. शेवटी तिनंच सोपं करून टाकलं, "तिरुपतीला गेल्ता म्हना आन घरी जा."

आता तुम्ही म्हणाल, पोरं ती पोरंच. पण बाटलेल्यांची यादी काढायला बसलो तर वहीची पानं संपतील. मराठीशिवाय दुसरा सिनेमा बघणार नाही अशी शपथ वाहिलेले एक निवृत्त मास्तर हल्ली अराकिसच्या राजकारणावर बोलतात. त्यांचं म्हणणं, ही कादंबरी अमेरिकेत लिहिली ही चूकच झाली, ती मराठवाड्यातच लिहायला हवी होती. त्यांचं ऐकलं की आपणही गप्प बसतो. कारण कथानक काय? तर विश्वाचा एक बादशहा आहे. एका घराण्याची जहागीर काढून तो दुसऱ्याला देतो. दुसऱ्याचा मान वाढला, गर्दी त्याच्या मागं जायला लागली, म्हणून पोटात दुखतं. मग ज्याची जहागीर काढली त्यालाच मागच्या दारानं सैन्य पुरवतो आणि नव्या जहागीरदाराचा काटा काढतो. हे परग्रहावरचं आहे? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात काढलेल्या जिल्ह्याला जहागीर कशी मिळते आणि कशी काढून घेतात, हे शिकवायला हॉलिवूड कशाला हवं?

आणि लूट बघा. अराकिसच्या वाळूत एक मसाला सापडतो. त्याच्याशिवाय अवकाशातली जहाजं हलत नाहीत. तो काढताना मरतात इथली माणसं, तिजोरी भरते दुसऱ्याची. हा भाग आला आणि धारूर-केजकडचा एक जण थेटरात उठून उभा राहिला म्हणे. मांजरा धरण केज तालुक्यात धनेगावला आणि पाणी लातूरच्या नळाला. तो काय निवांत बसून पॉपकॉर्न खाईल?

पाण्यावरून आठवलं, पहिल्या सिनेमात दरबाराचा एक प्रसंग आहे. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा नेता नव्या जहागीरदाराच्या, म्हणजे ड्यूकच्या, भेटीला येतो आणि टेबलावर चक्क थुंकतो. सगळे सरदार तलवारीला हात घालतात. मग खुलासा होतो, पाणी इतकं दुर्मीळ की अंगातलं पाणी देणं म्हणजे सर्वोच्च सन्मान! झालं. बसस्टँडच्या भिंतींकडं बघून आपल्या लोकांनी छाती फुगवली. आपण किती वर्षं महामंडळाचा सन्मान करतोय, कुणाला कदर आहे का?

बादशहाकडं वळू. त्याच्यावरून तर घराघरांत तट पडलेत. क्रिस्टोफर वॉकेन हा मुरलेला नट आणून त्याला काय दिलं? एक साधा झगा! ना मुकुट, ना हत्ती, ना भालदार-चोपदार. आमच्या पैशाचा बादशहा आणि असा? पण जुनी माणसं ऐकायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, खरा गडगंज असाच असतो. सातवे निजाम मीर उस्मान अली खान जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ साली 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले, आणि ख्याती काय, तर जुनीपानी टोपी वापरायची आणि जेकब हिऱ्याचा पेपरवेट करायचा. आता सांगा, वॉकेननं कुणाकडं बघून काम केलं?

सगळी हौस भागवलीय ती राजकन्येवर. फ्लॉरेन्स प्यू झालीय इरुलान. डोक्यापासून चेहऱ्यावर लोंबणारी चंदेरी कड्यांची जाळी, अंगावर चिलखताच्या घाटाचा पेहराव, आणि बोलणं मोजकं. एका शिवणवालीकडं तो फोटो पुढं करून "असं ब्लाऊज होईल का" असं विचारणाऱ्या बाईला आपण नावं ठेवली. नंतर कळलं, तिच्या आधी दोघी विचारून गेल्या होत्या. मूळ कादंबरीत प्रकरणाच्या सुरुवातीला याच बाईंच्या लिखाणातले उतारे आहेत, म्हणजे सगळा इतिहास हिच्या हातचा. आणि शेवटी तिची गत काय? नायक पॉल बादशहाला गुडघ्यावर आणतो आणि गादी पक्की करायला तिच्याशी सोयरीक जुळवतो. त्याची जिवाभावाची चानी बाजूलाच उभी! ती काही न बोलता निघून जाते. या एका जागेवरून महिला मंडळाची भिशी दोनदा लांबली. "राजकारणात असंच असतं" म्हणणाऱ्या एका बाजूला, "मेल्याला लाज कशी वाटली नाही" म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूला.

पण शेवटचा वार केला तो एका आजींनी. नातू घरी हिंदीतला 'ड्यून' लावून बसला होता. आजी जपमाळ घेऊन कोपऱ्यात, तोंडानं नामस्मरण, डोळे मात्र मोबाईलवर.

"आरं, त्यो टकला कोन पॉलचा?"

"शत्रू हाय आजी."

"त्ये दिसतंयच. नात्यानं कोन?"

नातू गडबडला. मग त्यानं बोटं मोजली. पॉलची आई जेसिका ही गुपचूप बॅरनची मुलगी निघते. फेड राउथा बॅरनचा पुतण्या. म्हणजे जेसिकाचा चुलतभाऊ. म्हणजे पॉलचा...

"मामाच की रं!" आजींनी माळ खाली ठेवली. "आन भाच्यानं मामाला मारलं? कंस बी देवकीचा चुलतभाऊच व्हता. कामून तीन तास घालवलेस रं, मला इचारलं असतंस तर दोन मिनिटांत सांगितलं असतं."

आता बोला! जगभरच्या पंडितांनी या कादंबरीवर ग्रंथ लिहिले, आणि एकादशीच्या कीर्तनावर पोसलेली बाई पाच मिनिटांत मुळाशी. एवढ्यावर थांबली असती तरी ठीक. पुढं म्हणते, "त्या काळ्या सूर्याचं परत लाव."

बरं, हे वेड आजचं नाही, म्हणून तर जास्त राग येतो. डेव्हिड लिंचनं १९८४ साली याच कादंबरीवर सिनेमा केला. त्यात फेड राउथा झाला होता गायक स्टिंग, आणि तो वाफेतून बाहेर येतो पंखांचा आकार असलेली चिमुकली चड्डी घालून! सिनेमा साफ आपटला, चड्डी चाळीस वर्षं झाली तरी चर्चेत. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, होडोरोव्स्की नावाच्या गृहस्थानं बेत आखला होता: बादशहा चित्रकार साल्वादोर दाली, बॅरन ऑर्सन वेल्स आणि फेड राउथा मिक जॅगर. चित्रपट झालाच नाही, पैसेच उभे राहिले नाहीत. पण पात्रं वाटताना पहिला जीव कुणात अडकला होता बघा! दुष्टांत आणि बादशहात. आणि २०२४ ला अमेरिकेत काय गाजलं? वाळूतल्या राक्षसी किड्याच्या जबड्यासारखा पॉपकॉर्नचा डबा! हात घालायचा तर दातांतून घालायचा. लोकांनी तोही पळवला. म्हणजे तिकडचे शहाणेसुद्धा आपल्याच पंक्तीला.

आपण तरी कधी सुधारलो? निळू फुल्यांना पडद्यावर बघून बाया बोटं मोडायच्या, आणि पुढच्या जत्रेत तंबूत त्यांचाच सिनेमा लागला की पहिल्या रांगेत कोण? दशावतारात रावण आला की पेंगणारं पोर जागं होतं. त्यामुळं 'आम्ही फक्त छायाचित्रणासाठी बघितला' असं सांगणाऱ्यांनी ते दुसऱ्या कुणाला सांगावं. छायाचित्रणासाठी गेलेला माणूस घरी येऊन आरशासमोर घोगऱ्या आवाजात बायकोला चहा मागत नाही.

आणि आता तिसरा भाग येतोय! १८ डिसेंबर २०२६ ही तारीख जाहीर झालीय. रॉबर्ट पॅटिन्सन नव्यानं दाखल होतोय, इरुलान परत येतेय, आणि खुद्द पॉलच आता सिंहासनावर. म्हणजे ज्याला आपण चांगला समजत होतो तोच बादशहा! हर्बर्टनं पुढची कादंबरी १९६९ साली लिहिली ती हेच सांगायला, की तारणहार म्हणून ज्याच्या मागं धावाल त्याच्यापासून जपा. आपल्याला कुणी सांगायची गरज आहे? दर पाच वर्षांनी आपण ते करून बघतोच. तेव्हा धुंधुरमास लागलेला असेल, लग्नं नाहीत, त्यामुळं 'भाच्याच्या हळदीला जायचंय' ही सबब चालणार नाही. ऊसतोडीला गेलेल्यांनी कारखान्यावरूनच तिकिटाचं बघावं. ट्रॅव्हल्सच्या सीटचं आत्ताच ठरवलेलं बरं, खिडकी आजींना. आपण? आपण फक्त पोरं बिघडू नयेत म्हणून लक्ष ठेवायला जाणार. पुढून तिसऱ्या रांगेत बसून.