नोंद आढळून येत नाही

महसूल खात्याच्या चाकरीत ३६ वर्षे घालवून, आणि त्यांतील अखेरची ११ अव्वल कारकुनाच्या खुर्चीत काढून, आमचे असे ठाम मत झाले आहे की, वरकरणी निरुपद्रवी दिसणारे आणि तरीही धडधाकट माणसाला उभ्या जागी नाहीसे करणारे शस्त्र ‘नोंद आढळून येत नाही’ या चार शब्दांखेरीज मनुष्यबुद्धीने दुसरे घडवलेले नाही. हे शस्त्र आम्ही किती जणांवर चालवले याची मोजदाद ठेवण्याचा प्रघात कचेरीत नव्हता. असता, तरी ती नोंदवही ऐन वेळी अभिलेख कक्षात सापडली नसती, हे अनुभवाने सांगतो. परंतु गेल्या नोव्हेंबरात, मुलीने भेट दिलेल्या आणि जेमतेम अडीच वर्षे वापरलेल्या लॅपटॉपने तेच शस्त्र आमच्यावर उपसले, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने ते कसे दिसते हे पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर का होईना, आला.

नोव्हेंबर हा आम्हा निवृत्तिवेतनधारकांचा परीक्षेचा महिना. आपण अद्याप हयात आहोत असा दाखला या महिन्यात सरकारदरबारी दाखल करावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू झाल्यापासून हे जिवंतपण घरबसल्या, बोट टेकवून आणि अलीकडे चेहरा दाखवूनही, सिद्ध करता येते. त्या सकाळी स्नान उरकून, इस्त्रीचा सदरा चढवून (मयत दिसू नये एवढी काळजी माणूस घेतोच) आम्ही यंत्र उघडले, तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील पंख्यासारखे ते परिचित चिन्ह बेपत्ता आणि त्याच्या जागी पृथ्वीचा एक गोल व त्यावर निषेधाची खूण. भिंतीवरच्या राउटरचे दिवे लुकलुकत होते, स्वयंपाकघरात मंडळींच्या मोबाइलवर अभंग निर्वेध चालू होता. म्हणजे जग जागच्या जागी होते, फक्त आमच्या यंत्राला ते मान्य नव्हते. दुपारी बँकेत चालत जाऊन, तेथील बाईंसमोर सही करून आम्ही तीन मिनिटांत हयात झालो. यंत्राचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

असे प्रसंग उद्भवल्यास चौकशी करण्यासाठी यंत्राच्या पोटातच ट्रबलशूटर नावाचा एक अधिकारी तैनात केलेला असतो. आम्ही त्याला पाचारण केले. त्याने बराच वेळ एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली, आपण तपासणी करीत असल्याचा निर्वाळा दोनदा दिला, आणि मग समस्येचे निदान होऊ शकले नाही, सबब अधिक माहितीसाठी इंटरनेटवर मदत शोधावी, असा अभिप्राय नोंदवून प्रकरण निकाली काढले. पूल वाहून गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या गावकऱ्याला ‘पलीकडच्या तीरावरील कार्यालयात अर्ज करा’ असे सांगणारे वरिष्ठ आम्ही पाहिलेले आहेत. त्यांच्याबद्दल उगाच वाईट बोललो, असे त्या दिवशी वाटले. त्याची दुसरी शिफारस अशी की, तारेची जोडणी करून पाहावी. मात्र ही तार जेथे खुपसावयाची ते चौकोनी भोक, लॅपटॉप सडपातळ दिसावा म्हणून, कारखान्यातच रद्द करण्यात आलेले आहे.

तेव्हा आम्ही थेट आस्थापनेचा हजेरीपटच पाहावयाचे ठरवले. यंत्राच्या अंगी असलेल्या प्रत्येक अवयवाची यादी डिव्हाइस मॅनेजर नामक दप्तरात असते, आणि तीत ‘नेटवर्क ॲडॅप्टर’ असे एक पोटशीर्षक असते. ते उघडून पाहतो तो ‘वॅन मिनिपोर्ट’ या एकाच आडनावाचे सात-आठ इसम ओळीने हजर. ही मंडळी कोण, म्हणून मागाहून विचारले तेव्हा समजले की, यांना देहच नाही. ती निव्वळ आज्ञावलीची बनलेली असून यंत्राचे पोट फाडले तरी त्यांपैकी एकही हाती लागावयाचा नाही. ज्याला खरोखरीचे शरीर आहे, जो कार्ड या रूपाने आत स्क्रूने आवळून बसवलेला आहे, तो बिनतारी ॲडॅप्टर तेवढा गैरहजर. रोजगार हमीच्या कामांवरील मस्टर ज्यांनी तपासले आहेत त्यांना या दृश्याचे मुळीच नवल वाटणार नाही. १९७७ चा कायदा चांगला होता, आणि त्याने दुष्काळात घरोघरच्या चुली पेटत्या ठेवल्या हेही खरे. पण मस्टरवर अंगठे उठलेले आणि खड्ड्यावर कोणी नाही, व खड्ड्यावर घाम गाळणाऱ्या बाईचे नाव मस्टरवर नाही, ही जोडगोळी आम्ही या डोळ्यांनी पाहिली आहे.

त्या दप्तरात लपलेली उपकरणे दाखवण्याचीही तजवीज आहे. ती कळ दाबताच आमचा ॲडॅप्टर प्रकटला, पण फिकट, राखाडी, सातबाऱ्यावर वारस नोंद व्हावयाची राहिल्यामुळे नावाने उरलेल्या एखाद्या मयत खातेदारासारखा. त्याच्या नावावर टिचकी मारली असता शेरा मिळाला: हे उपकरण सध्या या संगणकास जोडलेले नाही, सांकेतिक क्रमांक ४५. ‘सध्या’ हा शब्द पाहून आमचा ऊर भरून आला. मसुद्यात असा एक शब्द पेरून ठेवला की पुढे काहीही निष्पन्न झाले तरी लिहिणारा सुखरूप राहतो.

येथे एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवण्याचे काम चालू असताना, तीन भावांच्या सामाईक खात्यातून मधल्या भावाचे नाव कोणाच्या तरी डुलकीत गळले. तो गृहस्थ पिवळे पडलेले जुने उतारे फडक्यात बांधून कचेरीत आला, आणि आम्ही पडद्याकडे पाहून, त्याच्याकडे न पाहता, नोंद आढळून येत नसल्याचे त्याला सांगितले. तो म्हणाला, “सायेब, म्या हितं हुबा हाय न्हवं?” आम्ही उत्तर दिले, “उभा आहेस. पण नोंद नाही.” महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो, प्रमाद सरकारचा आणि अर्ज मात्र त्याने करावयाचा. त्याने तो केला. चौदा महिन्यांनी फेरफार मंजूर झाला, आणि त्या चौदा महिन्यांत त्याने कितीदा स्थळपाहणीची विनंती केली हे आवक बारनिशीत असेल.

असो. मुलीने फोनवरून सांगितले, “बाबा, ड्रायव्हर गेला असेल, परत टाका.” ड्रायव्हर म्हणजे ॲडॅप्टरकडून काम करून घेणारा मुकादम, एवढे आम्हास माहीत होते, तो इंटरनेटवरून आणावा लागतो आणि इंटरनेट त्याच्यावाचून येत नाही, हे नवीन होते. अखेर तिनेच तोड सुचवली: मोबाइल चार्जरच्या तारेने लॅपटॉपला जोडून त्याच्यामार्फत इंटरनेट घ्यावे. त्याप्रमाणे उसन्या वाटेने मुकादम येऊन दाखल झाला, आपली वळकटी पसरून बसला, आणि दोन मिनिटांत परत उभा राहून म्हणाला की, या आस्थापनेत आपल्या हाताखाली काम करील असे कोणीच दिसत नाही.

मग यंत्र बंद करून चालू करण्याचा सर्वश्रुत उपाय आम्ही सात वेळा केला. त्याचेही मर्म मागाहून कळले. हल्लीची यंत्रे ‘बंद करा’ म्हटल्यावर खऱ्या अर्थाने बंद होतच नाहीत. पुढच्या खेपेस लवकर जागे होता यावे म्हणून आपल्या गाभ्याची अवस्था जशीच्या तशी बांधून ठेवतात, व उघडल्यावर तीच गाठोडी सोडतात, त्यामुळे काल झालेला घोळ आज ताजा मिळतो. खुर्चीच्या पाठीला कोट अडकवून चहाला गेलेला कारकून जितपत रजेवर असतो, तितपतच ते बंद असते. पुरते उठवून पुन्हा बसवावयाचे असेल तर ‘रिस्टार्ट’ म्हणावे लागते. आम्ही तेही म्हटले. कोट निघाला, कारकून निघाला, दोघेही परत आले, ॲडॅप्टर आला नाही.

चौकातील एका दुकानात यंत्र नेले. तेथील तरुणाने झाकणाचा एकही स्क्रू न काढता, यंत्र हातात तोलून, “मदरबोर्ड गेला काका, १४,००० होतील,” असा अहवाल दिला. स्थळपाहणीविना अहवाल देण्याची ती हातोटी पाहून आम्हास स्वतःच्या तारुण्याची आठवण झाली, व यंत्र उचलून आम्ही घरी आलो.

शेवटी मंडळीच म्हणाल्या, “अहो, ते कार्ड आत आहे म्हणता ना? मग आत बघा की! बाहेरून किती दिवस विचारत बसणार?” वरच्या मजल्यावरचा, पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा रविवारी बोलावला. त्याने प्रथम एकच प्रश्न केला, “आजोबा, ब्लूटूथपण गेलंय का?” तेही गेले होते. “मग ड्रायव्हर नाही, कार्डच. दोन्ही एकाच कार्डावर असतात.” नऊ दिवसांच्या चौकशीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

वर्तमानपत्र अंथरून त्याने यंत्र पालथे घातले. मागचे दहा स्क्रू एकेक निघाले. आम्ही ते कागदावर ओळीने, क्रमांक घालून मांडले. नखाने झाकण उकलताना कट् कट् असा आवाज झाला तेव्हा मंडळींनी डोळे मिटून घेतले. पंख्यावर धुळीची साय धरली होती, आणि तिच्या शेजारी, ज्याच्यापायी एवढे रण माजले तो, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब, टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा, आपल्या खाचेत, एका स्क्रूखाली, अगदी निमूट बसलेला होता. त्याला दोन बारीक तारा जोडलेल्या होत्या, एक काळी, एक पांढरी. त्या बिजागरीतून वर चढून पडद्याच्या कडेने जातात व तेथे अँटेना होतात, असे मुलाने सांगितले. बिनतारी म्हणवणाऱ्याच्या पोटात दोन तारा निघाव्यात याची आम्हास गंमत वाटली. त्याला वाटली नाही.

आमच्या लहानपणी बिनतारी म्हणजे रेडिओ. त्याची अँटेना म्हणजे माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार पट्टी. आणि १९३३ च्या बिनतारी कायद्यान्वये तो घरात ठेवण्यास परवाना लागे, त्याचे पैसे दर वर्षी पोस्टात भरावे लागत. आता २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या नियमांनी कमी शक्तीच्या यंत्रांपुरता परवानामुक्त झालेला आहे, म्हणजे महसुली भाषेत गायरान. म्हणूनच तेथे शेजारपाजारचे राउटर, सगळ्यांचे ब्लूटूथ आणि कोणाच्या तरी ओट्यावरचा मायक्रोवेव्ह अशी सर्व जनावरे एकत्र चरताना दिसतात. वाय-फाय हे नावही तसेच. त्याचा गट नंबर ८०२.११, तो मंजूर झाला १९९७ साली. पण गट नंबर सांगून कोणी वावर ओळखत नाही, तेव्हा १९९९ मध्ये नावे पाडण्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीकडून हे बोलीतले नाव पाडून घेण्यात आले. ते कशाचेही संक्षिप्त रूप नाही. ‘बाभळीचं वावर’ म्हणावे, आणि तेथे बाभूळ नसावी, त्यातलाच प्रकार.

मुलाने आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मग दोन्ही तारा नखाने उचलल्या, स्क्रू काढला, आणि कार्ड आपसूक तिरपे वर आले. त्याचे सोनेरी दात त्याने चष्मा पुसण्याच्या फडक्याने (आमच्याच) पुसले, ते पुन्हा खाचेत सारले, स्क्रू आवळला, तारांच्या इवल्या टोप्या टक्, टक् अशा दाबून बसवल्या, आणि बॅटरी सुटलेली असतानाच चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरली. “हे कशाला?” आम्ही विचारले. “आत थोडा करंट उरलेला असतो, आजोबा. तो गेला की कार्डाला आधीचं काही आठवत नाही.” सेवेतून बरतर्फ करून, त्याच जागी, त्याच पगारावर, मागील सेवा खंडित धरून पुन्हा रुजू करून घेण्याचा हा मार्ग आमच्या खात्यातही अनेकांना लाभलेला आहे, आणि त्यानंतर ते फार तत्पर होतात. बॅटरी जोडून यंत्र सुरू केले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सात-आठ अशरीरी मिनिपोर्टांच्या डोक्यावर आमचा ॲडॅप्टर काळ्याभोर अक्षरांत बसला होता, आणि कोपऱ्यात पंखा उलगडलेला. मधल्या नऊ दिवसांच्या अनुपस्थितीविषयी कोठेही शेरा नव्हता. मुलाने चहा घेतला, पैसे घेतले नाहीत, आणि तो वर निघून गेला.

वर्तमानपत्र घडी करण्यापूर्वी सवयीने ताळा घेतला. झाकणाचे दहा आणि कार्डाचा एक मिळून निघाले ११. भोके मोजली, ती ११, सगळी भरलेली. आणि कागदावर, अग्रलेखाच्या तिसऱ्या रकान्यावर, एक स्क्रू शिल्लक. जिन्यातून हाक मारली तर मुलगा वरूनच म्हणाला, “राहू दे आजोबा, चालतंय ना!” चालत होते हे खरे. रात्री दोनदा उठून आम्ही ते पुन्हा मोजले. शेवटी स्क्रू एका लखोट्यात घातला, तोंड चिकटवले, खाली दिनांक टाकून सही केली, आणि घरच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत (ती आमच्याकडे आहे, मंडळी तिला हसतात) दाखल केले: स्क्रू, काळा, नग १, लॅपटॉप उघडला असता मिळाला, मूळ ठिकाणाची नोंद आढळून येत नाही.