दोन मुलं, एक आजी आणि तोरणमाळ : नवशिक्या पालकांसाठी कृतिपुस्तिका

ही पुस्तिका कोणासाठी?

नंदुरबार, शहादा, धुळे, जळगाव किंवा सुरत इथे राहणाऱ्या, दहा वर्षांखालची किमान दोन मुलं असलेल्या आणि ‘सकाळी जाऊ, रात्री परत येऊ, त्यात काय!’ असं म्हणणाऱ्या पालकांसाठी. एकच मूल असेल तरी पुस्तिका वाचावी. दुसरं मूल शेजारून मिळतं, बहुतेक वेळा न मागता.

तोरणमाळ सातपुड्यात आहे, अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून ३५०० फुटांहून अधिक उंचीवर. शहाद्याहून अंतर सुमारे ५५ किलोमीटर. हे अंतर मुलं सोबत नसलेल्या माणसांनी मोजलेलं आहे.

पायरी पहिली : घरी सराव

सहलीआधीच्या आठवड्यात रोज सकाळी सगळ्यांना बूट-मोजे घालून फक्त दारापर्यंत आणण्याचा सराव करावा. बाहेर जायचं नाही. दारापर्यंतचा प्रवास जमला तर पुढचे ५५ किलोमीटर किरकोळ आहेत.

सरावात काही परिमाणं पाठ करून ठेवा. ‘झालंच माझं’ म्हणजे वीस मिनिटं. ‘मला शू नाही आली’ हे विधान गाडी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंतच ग्राह्य. ‘सहाला निघायचं’ म्हणजे सहाला दूध ओतू जाणार, सातला धाकटीचा डावा बूट पलंगाखाली सापडणार, आठला पाण्याची टाकी भरून वाहतेय हे शेजारच्या काकू येऊन सांगणार आणि पावणेनऊला गाडी हलणार. पण म्हणून सहाला निघायचं असेल तर मुलांना ‘तीनला निघतोय’ असं सांगू नये. मुलं तीनला उठून बसतात आणि मग कोणीच झोपत नाही.

पायरी दुसरी : साहित्य

*दशम्या.* दुधात भिजवलेल्या, दोन दिवस टिकतात. मोजून घेऊ नका. घरी एक दशमी ताटात टाकून उठणारं मूल गाडीत चार खातं, तीही गाडी सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांत.

*शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा.* दोन्ही डबे वेगळ्या रंगाचे हवेत. नंदुरबारची मिरची साऱ्या राज्यात नावाजलेली आहे. तिचा ठेचा लहान बोटांना लागला आणि ती बोटं डोळ्याला लागली, तर सहल पुढच्या वर्षावर जाते.

*मुरमुऱ्यांचा भत्ता.* कांदा वेगळा बांधून घ्या. भत्त्यातला निम्मा ऐवज गाडीच्या सीटखाली जातो आणि पोळ्यापर्यंत तिथेच राहतो.

*कपडे.* मुलांचे तीन जोड सगळेच घेतात. नवशिके स्वतःचा एकही घेत नाहीत. ओकारी मुलाची असते, पण शर्ट बापाचा असतो.

*स्वेटर.* मे महिन्यात शहाद्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना स्वेटर भरणाऱ्या आईला घरातले सगळे हसतात. संध्याकाळी माळावर वारा सुटला की हसणारे तिच्या पिशवीभोवती जमतात. थंडीच्या लाटेत तर या डोंगरावर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात, तेव्हा कानटोपीसुद्धा घ्या.

*एकसारख्या दोन वस्तू.* पाण्याच्या बाटल्या, टोप्या, बिस्किटांचे पुडे, सगळं एकाच रंगाचं हवं. निळी आणि हिरवी बाटली घेणाऱ्यांनी शहाद्यापर्यंतही जाऊ नये.

*औषधं, टॉर्च, पेट्रोल.* ओकारीचं औषध डॉक्टरांना विचारून आणा. पेट्रोल शहाद्यातच भरा. फोनवर भरवसा ठेवू नका, वर रेंज लहरीप्रमाणे येते.

*आजी.* आजीचा समावेश हौसेखातर केलेला नाही. तिच्याजवळ आवळासुपारी असते, मांडी असते आणि कोणत्याही प्रश्नाचं उत्तर असतं. आजीशिवाय निघणाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर निघावं.

पायरी तिसरी : आसनव्यवस्था

गाडीला खिडक्या कितीही असोत, मुलांना हवी ती एकच असते. तिच्यासाठी करार करावा लागतो. नंदुरबारहून निघणाऱ्यांना प्रकाशाचा पूल ही सोयीची सीमा आहे. पुलापर्यंत मोठा, पुलानंतर धाकटी. प्रकाशा म्हणजे तापी-गोमाईचा संगम, खानदेशातली दक्षिण काशी. इथे आजी हात जोडते आणि नदीत टाकायला नाणं मागते. नाणी दोन ठेवा. तापी दोन्ही खिडक्यांतून सारखीच दिसते, हे मुलांना पटवत बसू नका. त्यांच्या मते ती भावंडाच्या खिडकीतून जास्त दिसते.

रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत–भुसावळ मार्गावर नंदुरबारला उतरावं. खिडकीचा करार तिथून पुढे नव्याने करावा लागतो, आधीचा धरला जात नाही.

पायरी चौथी : सपाटीवरचे प्रश्न

शहाद्याच्या आसपास केळी, पपई, ऊस आणि कापूस असं भरघोस पीक दोन्ही बाजूंना आहे. केळीचे घड मोजण्याचा खेळ लावावा. तो दहा मिनिटं चालतो. मग ‘आलं का तोरणमाळ?’ सुरू होतं. उत्तर किलोमीटरमध्ये देऊ नका. तीन वर्षांच्या मुलीला चाळीस किलोमीटर आणि चार किलोमीटर सारखेच, दोन्ही म्हणजे ‘नाही आलं’. उत्तर देण्याचं खातं आजीकडे सोपवा. ती अहिराणीत ‘आखो येळ शे रे बापू’ (अजून वेळ आहे रे) एवढंच म्हणते आणि मूल ऐकतं. तेच वाक्य तुम्ही म्हणालात तर ऐकणार नाही.

एक वाद मात्र अवश्य चालू ठेवावा. आजीच्या हिशेबी हा सगळा मुलूख अजून धुळे जिल्हाच आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, हे मोठा शाळेत शिकून आलेला असतो. तो तारीख सांगतो, ती ‘तुझा बाप धुळे जिल्ह्यात जन्मला’ म्हणते. दोघांचंही खरं आहे, त्यामुळे वाद संपत नाही आणि घाटाचा पायथा येतो.

पायरी पाचवी : घाट

सातपायरी घाटाचे फोटो वरून काढलेले असतात, म्हणून ते देखणे दिसतात. आतून जाताना नियम एकच. घाटात रडणारं, भांडणारं, गाणारं मूल सुखरूप असतं. गप्प बसलेलं मूल दिसलं की गाडी थांबवा. ‘काय होतंय बाळा?’ असं विचारण्यात जी पाच सेकंदं जातात, तीच पुढे महागात पडतात.

थांबताना वळणावर थांबू नका, रुंद जागा पाहा. उतरवताना मूल डोंगराच्या बाजूने उतरवा. चेहरा धुवा, आवळासुपारी द्या आणि पाच मिनिटं नुसतं उभं राहू द्या. त्या पाच मिनिटांत दुसरं मूल ‘मलाही होतंय’ म्हणेल. त्याला काही होत नसतं, त्याला आवळासुपारी हवी असते. द्या.

पायरी सहावी : स्थळदर्शन

आता पुस्तिकेच्या मुख्य नियमाकडे येऊ. तोरणमाळच्या कोणत्याही माहितीपत्रकात यादी असते. यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, गोरक्षनाथांचं मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुंफा, कमळ तलाव. ही यादी घडी करून खिशात ठेवावी आणि खिसा शिवून टाकावा. लहान मुलांबरोबर एका दिवशी एकच ठिकाण. का, ते अनुभवातून सांगतो.

*सीताखाई.* खोल दरी, पावसाळ्यात धबधबा. हाक मारली की समोरचा डोंगर ती परत देतो. मुलांना दरी दिसतच नाही, आवाज परत येतो हे कळलं की तिथून हलायचं नाही. धाकटी स्वतःचं नाव ओरडते, मोठा तिला चिडवण्याची नावं ओरडतो, डोंगर दोघांचीही बाजू घेतो. हा एक विनोद सोडून इथे थट्टा बंद. दरीच्या काठावर मुलाचं मनगट धरा, बोटं नाही, कारण बोटं निसटतात. एका मोठ्या माणसाकडे एकच मूल, आणि त्या माणसाच्या दुसऱ्या हातात मोबाईल नको.

*मच्छिंद्रनाथांची गुंफा.* जाताना मूल स्वतः चालतं, येताना कडेवर येतं. मच्छिंद्रनाथ-गोरक्षनाथ ही नाथ संप्रदायातली गुरुशिष्याची जोडी मुलांना कशी सांगावी, याची तयारी पालक आदल्या रात्री करतात. गुहेत उभं राहून मूल विचारतं, ‘इथे रात्री दिवा होता का? आणि त्यांची आई कुठे राहायची?’ यातल्या एकाचीही तयारी कोणी केलेली नसते. पुन्हा आजीकडे सोपवा.

*गोरक्षनाथांचं मंदिर.* महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेश आणि गुजरातमधूनही भाविक येतात. यात्रा पाहण्यासारखी आहे, पण तीन वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत फक्त गुडघे दिसतात. मूल खांद्यावर बसण्याजोगं असेल तरच त्या दिवशी जा, आणि त्याच्या खिशात तुमचा फोननंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

*खडकी पॉइंट.* तुम्ही डोंगरांच्या रांगा पाहाल. मुलं तिथलं कुत्रं पाहतील. कुत्र्याला दशमी देतील. कुत्रं गाडीपर्यंत येईल. ‘घरी नेऊया’ हा ठराव मांडला जाईल आणि तो दोन विरुद्ध दोन मतांनी अडकेल. आजी तटस्थ राहते.

*यशवंत तलाव.* एकच ठिकाण निवडायचं तर हे. काठावर खडे आहेत, पाणी आहे आणि खडा पाण्यात टाकला की आवाज येतो. मुलांना याहून अधिक काही लागत नाही. पाण्यात उतरू देऊ नका आणि पाठ फिरवू नका. एवढं पाळलं तर दोन तास कसे गेले ते कळत नाही, आणि त्या दोन तासांत तुम्हा दोघांना एकमेकांशी सलग चार वाक्यं बोलता येतात. गेल्या कित्येक महिन्यांत घरी हे जमलेलं नसतं. या एका कारणासाठीसुद्धा तोरणमाळला जावं.

पायरी सातवी : गावातलं वागणं

महाबळेश्वरसारखा बाजार इथे नाही. घोडे, खेळण्यांच्या रांगा, दर दहा पावलांवर मक्याचं कणीस असं काही शोधू नका. हे पावरा आणि भिल्ल कुटुंबांचं गाव आहे. आसपासचे पाडे उतारांवर विखुरलेले, घरं आपापल्या शेताजवळ. तुमच्या मुलांच्या वयाची मुलं शेळ्या वळताना दिसतील, कडेवर धाकटं भावंड असेल. तुमच्या सात वर्षांच्या मुलाला अजून नाडी बांधता येत नाही, हा विषय त्या वेळी काढू नका. तो आधीच त्या शेळीवाल्या मुलाकडे हेव्याने पाहत असतो.

त्या मुलांचे फोटो घरच्यांना न विचारता काढू नका. गाडीतून चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर त्यांच्याकडून काही विकत घेऊन पैसे द्या. दारासमोर, रस्त्याकडेला हंगामाप्रमाणे सीताफळं, आमचूर, चारोळी विकायला असते, ती घ्या आणि सांगितलेल्या भावात घ्या. अक्राणीच्या डोंगरातली बरीच कुटुंबं पिकं निघाल्यावर मजुरीसाठी गुजरातेत आणि उसाच्या पट्ट्यात जातात. त्यांची मुलं त्या काळात एकतर फडावर असतात किंवा इथे आजी-आजोबांजवळ. घासाघीस करून वाचवलेले वीस रुपये तुम्ही खाली उतरताच वेफर्समध्ये घालवणार आहात, हेही लक्षात ठेवा.

होळीआधीच्या आठवड्यात गेलात तर धडगावसारख्या बाजारांच्या गावी भोंगऱ्या बाजार भरलेला असतो. ढोल, बासऱ्या, नवे कपडे आणि माणसंच माणसं. तुमची मुलं ढोलाच्या आवाजाने आधी रडतील आणि मग निघायला तयार होणार नाहीत.

सीताफळ गाडीत देऊ नका. सीताफळ हे फळ नाही, ते काम आहे. गर खायचा, बी थुंकायची आणि हात पुसायचे, यातलं पहिलंच फक्त मुलांना येतं.

पायरी आठवी : परत

दिवसभर एक मिनिट न झोपलेली मुलं घाट उतरताच एकदम झोपतात, आणि घराच्या दारात एकदम उठून ‘मला भूक लागलीय’ म्हणतात. रात्री साडेनऊला खिचडी टाकायची तयारी ठेवा. कपडे यंत्रात टाकण्याआधी सगळ्या चड्ड्यांचे खिसे तपासा. तलावाकाठचे खडे पाण्यात टाकून संपले, असं मुलं सांगतात.

शंकासमाधान

*एका दिवसात होतं का?* जाणं-येणं होतं. तोरणमाळ होत नाही.

*मुलं थोडी मोठी झाल्यावर गेलो तर?* जरूर जा. पण तेव्हा त्यांना रेंज लागेल, आणि तुमच्याबरोबर खडे फेकायला ती येतील की नाही, ते तेव्हाच कळेल.

*पावसाळ्यात?* धबधबे तेव्हाच. पण धुक्यात घाट दिसत नाही आणि दगड निसरडे होतात. चालणारं मूल आणि चालवणारा माणूस, दोघंही सवयीचे असतील तरच.

*मग नेमकं करायचं काय?* पाऊस ओसरल्यावर किंवा हिवाळ्यात जा. मुक्कामाच्या सोयी मोजक्या आहेत, म्हणून आधी विचारून एक रात्र राहा. एकच ठिकाण पाहा आणि उरलेली यादी पुढच्या वेळेसाठी ठेवा. आणि घाटात वापरलेली प्लास्टिकची प्रत्येक पिशवी, भरलेली असली तरीही, डोंगरावर न टाकता खाली घेऊन या.