उंची विकलीत, झीज झाकलीत

मुलुंड पश्चिमेला, लाल बहादूर शास्त्री मार्गावर जीपगाड्या ‘उचलून’ देणाऱ्या गॅरेजमालकास,

शेठ,

माझ्या पुतण्याने घेतलेली जुनी थार तुम्ही ‘दोन इंच’ उचलून दिलीत. पैसे रोख घेतलेत, गाडीचा फोटो काढलात आणि नवी गिऱ्हाइकं ओढायला तो मोबाइलवर फिरवलात. गाडीच्या पोटाखाली काय आहे ते त्या फोटोत दिसत नाही. मी ते पाहिलंय, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

माळशेज घाट उतरताना ब्रेक दाबला की गाडीचा मागचा भाग एका बाजूला सरकत होता. भांडुपच्या एका मिस्त्रीने ती रॅम्पवर घेतली आणि कमानपाट्याच्या डोळ्यात पहार घालून हलवून दाखवली. बुशाचं रबर फाटून गेलेलं, बोल्ट आत खुळखुळत होता. मागच्या एका शॉकअपमधून तेल गळून त्यावर धुळीचा थर बसलेला. पुढच्या बॉल जॉइंटला हाताला जाणवेल एवढा खेळ. ही झीज एका रात्रीतली नाही. पाट्याचं टोक चासीला जोडणारी शॅकल बदलून लांब बसवताना हाच बोल्ट तुम्ही काढलात, हाच बुश तुमच्या डोळ्यांसमोर होता. त्याच फाटक्या बुशात नवी कोरी शॅकल अडकवून तुम्ही बिल फाडलंत. गुडघे झिजलेल्या माणसाला उंच टाचा चढवून डोंगरावर धाडलंत.

तुमची कारागिरीही तपासू. २०१० साली आलेल्या पहिल्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे कमानपाटे. पुढची उंची तुम्ही बारचे बोल्ट आवळून काढलीत. बोल्ट आवळल्याने थकलेला बार नवा होत नाही. चाकाला खाली लोंबायला उरलेली जागा तेवढी संपते. मग खड्डा आला की चाक रस्त्याचा पाठलाग करू शकत नाही, आर्म स्टॉपरवर आपटतो. चाकाकडे जाणारे शाफ्ट तिरपे होतात, त्यांचे बूट फाटतात, ग्रीस उडून जातं आणि जॉइंट कोरडा फिरू लागतो. खेळ आलेला बॉल जॉइंट तर कायमचाच वाकड्या कोनात राबतो.

मागची शॅकल तुम्ही दोन इंचांनी लांब केलीत. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते, म्हणून गाडी साधारण एकच इंच उचलली जाते. दाम मात्र दोन इंचांचा लावलात. त्यात एक्सल कलतो, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो आणि वेग वाढला की गाडी थरथरते. शॉकअप जुन्याच लांबीचे ठेवलेत, ब्रेकचे होजही तेच. चाक पूर्ण लोंबलं की ताण कशावर येतो, हे तुम्ही एकदा तरी बघितलंत का? अलाइनमेंट केलं नाहीत. हेडलाइटचा झोतही खाली आणला नाहीत. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तो घुसतो.

कायद्याबद्दल तर तुम्ही तोंडच उघडलं नाहीत. नोंदणीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असे बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला! पैसे तुमच्या गल्ल्यात, आणि पोलिसांपुढे उभा राहणार तो पोरगा.

गाड्यांचं वेड असलेल्या पोरांवर माझा राग नाही. चिखलात, ओढ्यात, घाटवाटांवर गाडी न्यायची हौस चांगलीच आहे, आणि ती जपायची तर आधी झीज काढावी लागते. बुश, शॅकल पिना, बॉल जॉइंट, टायरॉड एंड नवे. शॉकअप जोडीने बदलायचे, एकटा नाही. रबरी बुशाचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटचा आवळायचा. चाकं लोंबत असताना आवळला तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, पण हादरा जास्त देतात आणि ग्रीस नसेल तर करकरतात, हेही गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. एवढं केल्यावर निम्म्या लोकांना उंची लागणारही नाही. झीज निघालेली गाडी रस्त्याला धरून चालेल.

पुतण्याच्या गाडीचे पैसे परत करा, ही माझी पहिली मागणी. दुसरी मागणी पुढच्या प्रत्येक गाडीसाठी आहे. किमतीचा आकडा बोलण्याआधी मालकाला रॅम्पखाली बोलवा, त्याच्यासमोर पहार लावा, काय हलतंय ते दाखवा आणि लिहून द्या. झिजलेली गाडी उचलायला नकार द्या. हे जमत नसेल तर दारावरची पाटी उतरवा.

तुम्ही उचललेल्या गाडीच्या मालकाचा काका,
मुलुंड