उंदीर शुल्क घेत नाहीत

लातूर आणि नांदेड या नगरांत, जेथे चौकाचौकांतील फलकांवरून गुणवंतांची छायाचित्रे येणाऱ्याजाणाऱ्याकडे अपेक्षेने पाहत असतात, तीन वर्षांच्या बालकास मैत्रीचा कोणता सौम्य चित्रपट दाखवावा, या प्रश्नाची सरकारदरबारी अद्याप दखल घेतली गेलेली नाही. आमची शिफारस फिल्म्स डिव्हिजनच्या, विजया मुळे दिग्दर्शित 'एक अनेक और एकता' (१९७४) या चिमुकल्या चलच्चित्राची: पारध्याच्या जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि उंदीरमित्र ते कुरतडून देतात, मारामारी नाही, खलनायकाचे गडगडाटी हास्य नाही. मूळ कथा पंचतंत्रातली; आणि तीन मंदबुद्धी राजपुत्रांना सहा महिन्यांत नीतिनिपुण करीन, न केल्यास नाव टाकीन, असा करारच विष्णुशर्म्याने केला असल्यामुळे 'लातूर पॅटर्न'च्या अभिमान्यांचीही तक्रार नसावी. हरकत निघालीच तर ती एवढीच की, उंदीर शुल्क घेत नाहीत आणि पक्ष्यांत पहिला कोण आला, हे अखेरपर्यंत जाहीर होत नाही. तेव्हा पालकहो, पोर 'पुन्हा उंदीर' म्हणाले तर पुन्हा लावा; मात्र चित्रपट संपताच त्याची तोंडी परीक्षा घेण्याचे कृपया तहकूब ठेवा.