जावईबापूंचं फ्रेंच अंडं

पुण्याच्या आयटीतला जावई थर्टी फर्स्टसाठी देऊळघाटला उतरतो, तेव्हा त्याच्या बॅगेत तीन बाटल्या असतात. सासऱ्यांची नजर मोठ्या आशेने तिकडे जाते. पण एक निघते ऑलिव्ह ऑइलची, दुसरी डिजॉन मस्टर्डची आणि तिसरी व्हिनेगरची. खरी बाटली साळ्याने बुलढाण्याहून आणायची असते. जावई फक्त ‘स्टार्टर’ करणार असतो, आणि तोही फ्रेंच.

हा प्राणी चिखलीत भेटतो, मेहकरात भेटतो, मलकापुरात तर रेल्वेनेच येतो. ओळखायची खूण एकच. ‘खूप सिंपल आहे हो’ असं तो म्हणतो आणि पुढचे तीन तास घरातल्या पाच माणसांना बसायला फुरसत मिळत नाही.

पदार्थ मात्र खरोखरच सोपा आहे. अंडी कडक उकडायची, उभी चिरायची, बलक काढून मेयोनीजमध्ये कुस्करायचा, पांढऱ्याच्या वाट्यांत परत भरायचा आणि थोडा राखून ठेवलेला बलक चाळणीतून वर भुरभुरायचा. या पिवळ्या भुरभुरीमुळे फ्रेंच लोक त्याला मिमोसा अंडी म्हणतात. दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा सरता सरता फुलणारा हा मिमोसा मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि बाभळीच्या गोतातला. सासऱ्यांच्या बांधावर फुललेल्या बाभळीखाली उभं राहिलं, तरी ताट कसं दिसायला हवं ते कळतं. जावई तिकडे पाठ करून मोबाइलवरचे फोटो दाखवत असतो.

पहिली अडचण येते उंबरठ्याची: अंडं तो ओलांडू शकत नाही. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती निघाली १९८२ साली. तिच्यामागे होते पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव. अंडी रोज खा, असं सांगणाऱ्या तिच्या जाहिराती टीव्हीवर इतकी वर्षं चालल्या, की सासूबाईंनाही त्या पाठ आहेत. तरी त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं शिरलेलं नाही. “जावईबापू, तुमाले जे करायचं ते करा, पण इथं नोका आणू. देव हायेत घरात.” जावयाला नाही म्हणता येत नाही आणि देवालाही दुखवता येत नाही, म्हणून फ्रान्सची रवानगी गोठ्याजवळच्या चुलीवर होते. सोबत अंड्यासाठी वेगळं काढलेलं, कानाला टेचलेलं जर्मनचं पातेलं.

दुसरी अडचण तो स्वतः ओढवून घेतो. अंडी गावरानच हवीत आणि आजचीच हवीत. रस्त्यावर गाडी लावणारे अंडेवाले चाचा त्याला समजावतात, “दामाद बाबू, उबालने के लिए चार दिन पुराने ले जाओ.” जावई हसतो. शिळं अंडं विकायला निघालाय म्हातारा, असं त्याला वाटतं.

चाचांचं म्हणणं रसायनशास्त्रात बसतं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो कवचाच्या बारीक छिद्रांतून दिवसेंदिवस बाहेर जातो, पांढरा अधिकाधिक अल्कधर्मी होतो आणि आतल्या पापुद्र्याला पूर्वीइतका चिकटत नाही. आजचं अंडं सोलायला घेतलं की कवचाबरोबर निम्मा पांढराही निघून येतो. गुळगुळीत वाट्यांऐवजी जावयाच्या हाती लोणारच्या विवराचे नकाशे लागतात. त्यात नीट शिजावीत म्हणून त्याने ती वीस मिनिटं खदखदवलेली. मग बलकाभोवती हिरवट कडं धरतं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचं ते संयुग. निरुपद्रवी असतं, पण साळी विचारतेच, “भाऊजी, हा हिरवा रंग फ्रेंच आहे का?”

तिसरा अंक मेयोनीजचा. कच्च्या बलकात तेल थेंबथेंब सोडत घोटायचं. बलकातलं लेसिथिन तेल आणि पाण्याचा अंश एकत्र धरून ठेवतं. घाई केली की फुटतं. जावई मिक्सर लावतो आणि त्यात एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल ओततो. जोरात घुसळलं की हे महागडं तेल कडवट होतं. मेयोनीजला बिनवासाचं साधं तेल लागतं. अमेरिकेतल्या दुकानी मेयोनीजमध्ये बहुतेक सोयाबीनचंच तेल असतं, आणि इथे सासऱ्यांच्या पडवीत सोयाबीनची पोती भावाची वाट पाहत रचलेली. शेवटी साळा मोटरसायकल काढून मेयोनीजची बाटली आणतो. ती निघते एगलेस. भारतात दुकानात मिळणारं बरंचसं मेयोनीज बिनअंड्याचंच असतं. सासूबाईंना प्रथमच या पदार्थाविषयी थोडी आपुलकी वाटते.

रात्री मळ्यात शेकोटी पेटते. ताटात मिमोसा, वर पार्सलीऐवजी कोथिंबीर. शेजारी खारे शेंगदाणे, कांदा-टमाटर, शेव. सासरे एक तुकडा तोंडात टाकतात, विचार करतात आणि म्हणतात, “चांगलं हाय. तिखट-मीठ आना बरं.” चिवड्याच्या डब्यातली शेव मिमोसावर पडते आणि ताट पाच मिनिटांत साफ होतं. जावई त्याला ‘फ्यूजन’ म्हणतो.

गंमत अशी, की ज्या प्रतिष्ठेसाठी हा खटाटोप, ती या पदार्थाला पॅरिसातही नाही. मिमोसाचं सख्खं भावंड म्हणजे बलकासकट अर्ध्या फोडींवर मेयोनीज ओतलेलं ‘ऑफ मेयो’. हे तिथल्या स्वस्त खानावळींचं खाणं. १८९६ पासून चालू असलेल्या बुइयाँ शार्तिएमध्ये ते आजही सगळ्यात स्वस्त पदार्थांत मोडतं. मध्यंतरी ते इतकं दुर्लक्षित झालं, की क्लोद लेबे या खाद्यसमीक्षकाने त्याच्या संरक्षणासाठी चक्क संघटना काढली. आता त्याची जागतिक स्पर्धाही भरते. उकडलेलं अंडं आणि पेला ही जोडी आपल्याकडे मीठ-मिरपुडीवर कधीपासून नांदते आहे. तिला संघटनेची गरज पडलेली नाही.

तरीही कोणाच्या घरी असा जावई येणार असेल, तर अंडी चाचांच्या सल्ल्यानेच घ्या, उकळी आल्यावर दहा मिनिटांत उतरवा आणि लगेच गार पाण्यात टाका. कच्च्या बलकाच्या मेयोनीजपासून मात्र त्याला अडवा. साल्मोनेलाच्या भीतीने तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. केलंच, तर त्याच रात्री संपवा. उरलं तर सकाळी ब्रेडला लावू नका, फेकून द्या. जावई रुसला तरी चालेल.