खेळ मांडणारा

स्वतः बॅट हातात न धरता वर्षानुवर्षं रेडिओशेजारी बसून धावांची वही ठेवणारे काका पूर्वी पुण्याच्या प्रत्येक पेठेत एखादे तरी असायचे. त्या घराण्याची पुढची पिढी आता कोथरूडला टू बीएचकेत राहते, आयटीत नोकरी करते आणि रात्री साडेअकरानंतर, घर झोपलं की, माळ्यावरून काढलेल्या जुन्या लॅपटॉपवर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा डेटाबेस उभा करते. आपण यांना सेटअपराव म्हणू.

खेळ 2004चा. सेटअपरावांचा जीव मात्र 2008च्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’ या विस्तारात अडकलाय, त्यातही 3.3.5ए, बिल्ड 12340. हे ते गोत्र सांगावं तसं सांगतात. पुढे आलेलं सगळं त्यांच्या मते पाणी घातलेलं. कुठली तलवार कुठे मिळते, कुठला राक्षस मेला की काय टाकून जातो, हे सांगणारी ‘वाऊहेड’ ही वेबसाइट आयती आहे, चकटफू आहे. पण आयतं म्हटलं की यांचं तोंड वाकडं होतं. घरीच करायचं! मग ‘एओवाऊ’ नावाचं पीएचपीतलं मोफत सॉफ्टवेअर उतरवायचं, खेळाचा सर्व्हर घरी चालवू देणाऱ्या ट्रिनिटीकोअरचा डेटाबेस मायएसक्यूएलमध्ये ओतायचा, मूळ खेळाच्या एमपीक्यू फायली फोडून आतले तक्ते, नकाशे, चित्रं उपसायची. चित्रं निघतात बीएलपी नावाच्या फॉरमॅटमध्ये. ती ब्राउझरला ओळखू येत नाहीत, म्हणून सगळ्यांचं पीएनजी करायचं. शिवाय नावातलं अक्षर कॅपिटल की स्मॉल याचं विंडोजला सोयरसुतक नसतं, लिनक्सला असतं. एका कॅपिटल अक्षरापायी सगळ्या ढाली-तलवारींच्या जागी प्रश्नचिन्हं उगवली, तेव्हा ऐन दिवाळीत त्या घरात सुतकच होतं. वहिनींनी फराळाचं ताट टेबलावर ठेवलं, तर ‘परमिशन डिनाइड’ म्हणाले. स्क्रीनवरचं वाचत होते, पण वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. सेटअपरावांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

डेटाबेसातले वस्तूंचे नि राक्षसांचे क्रमांक तोंडपाठ. हर्थस्टोन 6948, थंडरफ्युरी 19019, हॉगर 448. झोपेतून उठवून विचारा. सासऱ्यांचा मोबाइल नंबर मात्र फोनला विचारावा लागतो. खेळातल्या वस्तूंची प्रत रंगावरून ठरते: करडी टाकाऊ, पांढरी साधी, मग हिरवी, निळी, जांभळी, आणि दुर्मिळातली दुर्मिळ ती नारिंगी. हे गृहस्थ जेवतानाही याच हिशेबात असतात. दुधीची भाजी करडी, पुरणपोळी जांभळी. आमरस नारिंगी, पण तो तसाही नारिंगीच.

एकदा साइट चालू झाली की सामान्य माणूस ती वापरेल. सेटअपरावांचं खरं काम तिथून सुरू होतं. लोगो बदलायचा. पार्श्वभूमी काळी, मग गडद काळी, मग पुन्हा पहिली काळी. वस्तूवर माउस नेला की उघडणाऱ्या चौकटीची कड दोन पिक्सेलची असावी की एक, यावर एक अख्खा शनिवार जातो आणि तो सत्कारणी लागला असं त्यांना मनापासून वाटतं. गुरुवारी वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतलाय. त्यावर सर्व्हर चालतो, मिक्सर नाही.

माणूस सचोटीचा, हे कबूल करायला हवं. लिच किंगला सर्वांत अवघड पातळीवर हरवलं, तर ‘इन्व्हिन्सिबल’ नावाचा घोडा मिळतो. लोकांनी त्यापायी वर्षं घालवली. यांच्या स्वतःच्या मालकीच्या डेटाबेसात तो फुकटात पदरी पाडून घ्यायला एक ओळ पुरे. मी तसं सुचवलं, तर तांदळात खडे मिसळायला सांगितल्यासारखे बघत राहिले. ‘अरे, डेटा आहे तो!’

‘मग मिळाला का तुला तो घोडा?’

‘कसा मिळेल? फायली उपसून झाल्यावर डिस्कवर जागा उरेना. गेम उडवला.’

लग्नाचे फोटोही त्याच सुमारास पेनड्राइव्हवर गेले. तो पेनड्राइव्ह घरातच आहे. त्याचं इंडेक्सिंग तेवढं राहिलंय.

साइट बघायला येतं कोण? लॉग रोज तपासला जातो. त्यात एक पत्ता लॅपटॉपचा, दुसरा त्यांच्याच फोनचा. पण साइट इंटरनेटवर खुली केली आणि पहाटे चारला बाहेरचा पाहुणा दिसला. सेटअपरावांनी मला उजाडायच्या आत फोन केला. पाहुण्यानं ‘डब्ल्यूपी-लॉगिन’चं पान मागितलं होतं. म्हणजे वर्डप्रेसची कच्ची कुलुपं शोधत साऱ्या इंटरनेटभर भटकणारा बॉट. यांच्याकडे वर्डप्रेस नाहीच. तरीही तो रोज येतो, तेच पान मागतो, ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारा 404 घेऊन परत जातो. एवढा नेमाचा पाहुणा, म्हणून सेटअपरावांनी 404चं पान नव्यानं सजवायला घेतलं: वर खेळातल्या बेडूकतोंड्या मुरलॉकचं चित्र, खाली सावली दिलेली अक्षरं, लोड व्हायला पाव सेकंदही नाही.

‘आवडलं का त्याला?’ मी विचारलं.

‘चित्र उघडतच नाही तो,’ ते खिन्नपणे म्हणाले. ‘नुसता मजकूर नेतो. सावली आणखी थोडी फिकी करून बघतो.’